प्रथमोपचाराचा पहिला बळी

शिकवणं फार सोपं असतं. अवघड असतं ते शिकणं, आणि ते समोरच्यांनी करायचं असतं. त्यामुळे कंपनीने मला आवक-जावक विभागातून उचलून प्रशिक्षण विभागात टाकलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाबिळा काही आला नाही. उलट मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "बघशील तू! एकदा वर्ग माझ्या हातात येऊ दे, कापसासारखा पिंजून काढतो एकेकाला!"

"आधी शर्टाची बटणं नीट लावा," ती म्हणाली. "वरचं एक घर चुकलंय. तसेच फिरलात दिवसभर?"

तसाच फिरलो होतो. पण आत्मविश्वास बटणांवर अवलंबून नसतो, हे मी नुकतंच शिकून आलो होतो. आम्हा नव्या प्रशिक्षकांसाठी कंपनीने एक शिबिर भरवलं होतं. विषय, 'अवघड प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षकाचा आत्मविश्वास'. शिकवायला आलेले गृहस्थ इतक्या आत्मविश्वासाचे होते, की आधी ते चुकून शेजारच्या खोलीत शिरले, तिथे बैठकीला जमलेल्या लेखापालांना मनसोक्त शिकवलं आणि टाळ्या घेऊन मग आमच्याकडे आले.

"वर्गासमोर शब्द कधी मागे घ्यायचा नाही!" ते गरजले. "सूर्य पश्चिमेला उगवतो असं तोंडून गेलं, तर गेलं! वर्ग संपेपर्यंत खिडकी उघडायची नाही!"

आम्ही माना डोलावल्या.

"अवघड माणूस दिसला, की त्याच्या गळ्यात जबाबदारी अडकवा! हात कामाला लागले की तोंड बंद होतं. आणि नुसतं सांगू नका, अनुभव द्या! कानावर पडलेलं विसरतं, अंगावर आलेलं विसरत नाही!"

मग आम्ही एकमेकांवर सराव केला. आळीपाळीने एकाने प्रशिक्षक व्हायचं आणि दुसऱ्याने अवघड विद्यार्थी. सगळ्यांनाच पास व्हायचं असल्यामुळे तिथले अवघड विद्यार्थी हात वर करून, "सर, आपली हरकत नसेल तर थोडा त्रास देऊ का?" असं विचारायचे. त्यांना मी असं काही गप्प केलं, की शिबिराच्या शेवटी 'निर्भय प्रशिक्षक' असा पितळी बिल्ला माझ्या छातीवर लावण्यात आला.

विषय मिळाला प्रथमोपचार. प्रथमोपचाराशी माझा तोवरचा संबंध म्हणजे दाढी करताना कापलं की तुरटी. पण कंपनीने पुस्तिका दिली होती, आणि ती वर्गाच्या एक धडा पुढे वाचत राहिलं म्हणजे झालं, एवढं मला कळत होतं.

वर्गात मंडळी होती ती वेगवेगळ्या विभागांनी 'हा गेला तरी काम अडत नाही' या निकषावर निवडून पाठवलेली. पहिल्या बाकावर टेलिफोन ऑपरेटर बाई. यांना पंख्याच्या आवाजातही तीन बाकांमागची कुजबुज ऐकू यायची, फक्त माझं बोलणं ऐकू यायचं नाही. खिडकीपाशी संचालकांचा ड्रायव्हर. साहेबांची वाट बघून बघून त्याने बसल्या बसल्या, ताठ मानेने, डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या साधली होती. आणि बरोबर मध्यभागी, हाताची घडी घालून, अख्खी कंपनी ज्यांना शंकासुर म्हणायची ते हेडक्लार्क. निवृत्तीला टेकलेले. त्यांनी आयुष्यात एकही कागद शंका काढल्याशिवाय पुढे जाऊ दिला नव्हता. मी तर सदेह समोर उभा!

मी रबरी पुतळा टेबलावर ठेवला. हा पुतळा म्हणजे डोकं, छाती आणि पोट, एवढाच होता.

"सर, एक शंका," शंकासुर म्हणाले. "हे गृहस्थ कमरेखाली नाहीत."

"शिकायला तेवढे पुरतात."

"ते पुरतील हो. पण तुम्ही म्हणताय, हे चालता चालता पडले. चालले कशावर?"

वर्ग खो खो हसला. ड्रायव्हरसुद्धा झोपेत हसला.

"बरं, समजा," शंकासुर पुढे म्हणाले, "पुस्तिकेत लिहिलंय, रुग्णाला हात लावण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. आता हे बेशुद्ध. परवानगी देणार कोण?"

"बेशुद्ध माणूस काही बोलला नाही, तर परवानगी आहे असं धरायचं."

"म्हणजे जो गप्प बसला, तो हो म्हणाला?"

"आमच्या घरी असंच चालतं," ऑपरेटर बाई म्हणाल्या, आणि पुन्हा वर्ग कोसळला.

रोज हेच. मी पट्टी बांधायला शिकवावं, तर शंकासुर म्हणायचे, "समजा, पट्टी नाही." मी म्हणायचो, रुमाल घ्या. "समजा, रुमाल मळलेला आहे." दुसऱ्याचा घ्या. "समजा, तो ओळखीचा नाही." माझ्या वर्गातल्या काल्पनिक रुग्णाला वाचवायला निघालेले आम्ही शंकांच्या जंगलातच इतके भटकायचो, की तो बिचारा रोज उपचारावाचून जायचा.

एकदाच काय ती मला फट सापडली. मी सांगत होतो, "अपघातातला माणूस पहिल्यांदा काय म्हणतो? मी ठीक आहे! उठायला बघतो. अजिबात ऐकायचं नाही! त्याचं नाही, त्याच्या नातेवाइकांचं नाही, कोणाचंच नाही! घाबरलेली माणसं हेच बोलतात!"

"कोणाचंच नाही?" शंकासुरांनी भुवई वर केली. "समजा, तुम्ही स्वतः म्हणालात सोडा, तर?"

"तर माझंसुद्धा ऐकायचं नाही!" मी टेबलावर मूठ आपटली.

वर्ग एकदम शांत झाला. शंकासुरांनी प्रथमच मान डोलावली. त्या दिवशी मी घरी शीळ वाजवत गेलो.

पण दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं. या मॅडम कधी रागावत नाहीत. त्या फक्त चष्मा पुसतात.

"तुमच्या वर्गातून हसण्याचा आवाज येतो," चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "प्रथमोपचारात इतकं हसण्यासारखं काय असतं?"

"वातावरण मोकळं ठेवलंय, मॅडम."

"छान. मग शुक्रवारी मी स्वतः मागे येऊन बसते. वर्ग तुमच्या हातात दिसला, तर तुम्हाला इथे कायम करू. नाही दिसला, तर तळघरात जुन्या कागदांच्या विभागात एक जागा आहे."

तळघर मी एकदा पाहिलं होतं. तिथे उजेड, वारा आणि माणूस यांतलं काहीही येत नाही. तिथे पूर्वी जो होता त्याला लोक विसरले होते. त्याच्या निवृत्तीचा समारंभसुद्धा राहून गेला आणि तो सवयीने आणखी काही महिने येत राहिला, असं म्हणतात.

त्या संध्याकाळी मी शिबिरातलं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होतो. अनुभव द्या! अंगावर आलेलं विसरत नाही! आणि समोर आमचे मेहुणे चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपवत बसले होते.

माझ्या बायकोच्या या भावाला घरात अजून 'बाळ' म्हणतात. बाळाला टक्कल पडलंय. बाळ हौशी नाटकमंडळीत आहे, आणि आजवर त्याला कायम पहिल्या अंकात मरणाऱ्याचं काम मिळत आलंय. पडदा पडेपर्यंत निपचित राहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. एकदा नाकावर माशी बसून तिने तिथे संसार थाटला, पण बाळ हलला नाही.

"बाळ," मी म्हणालो, "शुक्रवारी बेशुद्ध पडशील का?"

"कुठल्या कारणाने?" त्याने व्यावसायिक गांभीर्याने विचारलं.

मी बेत सांगितला. बाळने पाहुणा प्रशिक्षणार्थी म्हणून वर्गात बसायचं. मी चष्मा काढला, की धाडकन पडायचं. वर्ग घाबरेल, ओरडेल. मी मात्र शांत! मी शंकासुरांना जबाबदारी देणार, दोन सूचना करणार, बाळच्या मानेखाली हात घालणार. बाळ डोळे उघडून क्षीण आवाजात म्हणणार, "सर, तुम्ही होतात म्हणून!" मग टाळ्या. मॅडम चष्मा न पुसता निघून जाणार.

"भाऊजी, पात्राला पूर्वायुष्य काय?"

"काही नाही. फक्त मी उठ म्हणेपर्यंत उठायचं नाही. छप्पर कोसळलं तरी नाही!"

"ते माझ्यावर सोडा!" बाळच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजवर कोणी मला मुख्य भूमिका दिली नव्हती."

"अहो, त्याला सुखरूप परत आणा," आतून बायको म्हणाली. "आणि हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका. त्यापेक्षा त्या हेडक्लार्कना नीट उत्तरं का देत नाही?"

उत्तरं येत असती तर माणूस असल्या भानगडीत पडला असता का? पण हे बायकोला कोण सांगणार?

शुक्रवार उजाडला. बाळ माझा नवा पांढरा शर्ट घालून आला. भूमिका सुशिक्षित माणसाची आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या. मी छातीवरचा बिल्ला पुसला, पोटातून आवाज काढला आणि बेशुद्धीचा धडा सुरू केला.

"सर, एक शंका," शंकासुर म्हणाले.

"बोला!" मी इतक्या आनंदाने म्हणालो, की तेच दचकले.

"समजा, माणूस खरंच बेशुद्ध आहे की सोंग करतोय, हे कसं ओळखायचं?"

या माणसाला माझ्या घरातलं ऐकू येतं की काय! माझ्या कपाळाला घाम सुटला. घाम पुसायला म्हणून मी चष्मा काढला.

आणि बाळ पडला.

पडला म्हणजे काय! आधी त्याने छातीला हात लावला. मग दुसरा हात आकाशाकडे नेला. मग एक गिरकी घेतली, आपली आणि शेजारची अशा दोन खुर्च्या मिठीत घेतल्या आणि अर्धा वळून असा काही कोसळला, की फळ्यावरचा डस्टर खाली आला. आणि मग मी पाहिलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लालभडक धार निघाली आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर ओघळली.

रक्त आमच्या बेतात नव्हतं!

माझं डोकं रिकामं झालं. याला खरंच लागलं! खुर्ची पोटात घुसली असेल! बायकोला काय सांगू? पुस्तिकेतली पहिली पायरी कोणती? मला पहिली पायरी आठवेना, दुसरी आठवेना, पुस्तिकेचं मुखपृष्ठ तेवढं आठवलं. मी तोंड उघडलं. त्यातून आवाज आला, पण पोटातून नाही आणि शब्दांचाही नाही. हातात चष्मा धरून मी नुसता उभा राहिलो. कपड्यांच्या दुकानातला पुतळा तरी माझ्याहून जिवंत दिसला असता.

"सर?" शंकासुर म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग बाळकडे. आणि निवृत्तीला टेकलेला तो माणूस बाकावरून टुणकन उठला!

"खुर्च्या बाजूला! गर्दी करू नका! बाई, रुग्णवाहिकेला फोन! ड्रायव्हर, जागा हो!"

ड्रायव्हर जागा झाला. तो कामाच्या वेळेत जागा झाल्याचं आम्ही प्रथमच पाहत होतो. ऑपरेटर बाईंनी एका हाताने फोन लावला आणि दुसऱ्या हाताने प्रथमोपचाराची पेटी उघडली. मी ज्यांना पालथे घडे समजत होतो, ते सगळे काठोकाठ भरलेले निघाले!

तेवढ्यात शंकासुरांच्या काखेखालून मला बाळचा चेहरा दिसला. त्याने हळूच एक डोळा उघडला आणि मला मिचकावला.

माझा जीव भांड्यात पडला. लगेच त्याच भांड्यातून उकळून वरही आला. म्हणजे रक्त खोटं! हा गाढव नाटकातलं सामान घेऊन आलाय! आता काय करू? 'हे सोंग आहे' म्हणालो, तर मॅडमसमोर मी लबाड. नाही म्हणालो, तर...

"श्वास बघा!" शंकासुर ओरडले.

ऑपरेटर बाई बाळच्या नाकाशी वाकल्या. बाळने अभिनयाच्या ओघात श्वास रोखून धरला होता.

"श्वास लागत नाही हो!"

"मग छाती दाबायची! सरांनी सांगितलंय, बरगडी गेली तर जाऊ दे, माणूस राहिला पाहिजे! ड्रायव्हर, तुझे हात मजबूत आहेत, ये पुढे!"

ड्रायव्हरने बाह्या सरसावल्या. बाळचे दोन्ही डोळे टक्क उघडले.

"आहे! आहे! श्वास आहे!"

"शुद्धीवर आला!" वर्गाने जल्लोष केला. बाळ उठायला लागला.

"आडवा करा त्याला!"

चौघांनी त्याला आडवा केला.

"अहो, मी ठीक आहे!"

शंकासुरांनी वर्गाकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. "काय म्हणाले होते सर?"

"ऐकायचं नाही!" वर्ग एका सुरात म्हणाला. माझ्या वर्गात एका सुरात उत्तर आलं ते हे पहिलंच.

त्यानंतर बाळचं काय झालं ते मी टप्प्याटप्प्याने पाहिलं. आधी कात्री आली आणि माझा नवा शर्ट गळ्यापासून खालपर्यंत उभा कापला गेला. पुस्तिकेत तसं चित्र होतं. मग डोक्याला पट्टी, हनुवटीला पट्टी. डावा हात गळ्यातल्या झोळीत, उजवा हात छातीशी. पाय मोडला नसेल कशावरून, अशी शंका शंकासुरांनी स्वतःच काढली आणि स्वतःच सोडवली. भिंतीवरची 'शांतता राखा' अशी लाकडी पाटी काढून ती बाळच्या पायाला बांधण्यात आली. पट्ट्या संपल्या तेव्हा पडद्याची दोरी आली. बाळचं जे काही उघडं राहिलं होतं, ते म्हणजे एक डोळा आणि तोंड. त्या डोळ्याने तो मला शोधत होता.

"भाऊजी!" तो कळवळून ओरडला. "भाऊजी, सांगा ना यांना!"

"अरे देवा," ऑपरेटर बाईंनी तोंडावर हात ठेवला. "सरांना भाऊजी म्हणतोय."

"डोक्याला मार," शंकासुर गंभीरपणे म्हणाले. "माणसं ओळखता येत नाहीत. तिसरा धडा. आणखी एक पट्टी असेल तर बघा."

आता मात्र मी पुढे झालो. लबाड ठरलो तर ठरलो! "सोडा त्याला! तो खरंच माझा मेहुणा आहे! त्याला काही झालेलं नाही! रक्त खोटं आहे!"

सगळे माझ्याकडे पाहत होते. शंकासुर माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"सर, बसा. होतं असं."

"अहो, मी खरं सांगतोय!"

"हो, हो. बघणाऱ्यालाही धक्का बसतो, तुम्हीच शिकवलंत. चेहरा पांढरा, कपाळाला घाम, असंबद्ध बडबड. बाई, सरांना घोंगडी द्या. पाय वर घ्या त्यांचे."

"मी सांगतोय, सोडा!"

"तुम्हीच सांगितलंय, सर, तुमचंसुद्धा ऐकायचं नाही," शंकासुर म्हणाले, आणि माझे पाय टेबलावर गेले.

रुग्णवाहिका आली तेव्हा तिच्या लोकांना आधी कोणाला उचलायचं कळेना. बाळ पडद्याच्या दोरीत ओरडत होता आणि मी घोंगडीत. शेवटी दोघांनाही शेजारी शेजारी ठेवून नेलं. जिन्यावरून जाताना मी मान वळवून पाहिलं. मॅडम चष्मा पुसत होत्या.

गाडीत बाळ म्हणाला, "भाऊजी, पडणं कसं झालं?"

मी उत्तर दिलं नाही. मला असंबद्ध बडबडीची मनाई होती.

ऑपरेटर बाईंनी माझ्या घरीही फोन केला होता. प्रत्येक काम पूर्ण करायचं म्हणजे किती पूर्ण करावं! बायको धावत रुग्णालयात आली. एका खाटेवर नवरा, दुसऱ्या खाटेवर भाऊ. ती क्षणभर मध्ये उभी राहिली, आणि सरळ भावाकडे गेली. तिने त्याच्या हनुवटीवरची लाल धार बोटाने टिपली, बोट नाकाशी नेलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"हा आपल्या घरातला जॅम आहे."

"गप, गप!" मी घोंगडीतून म्हणालो.

"बरणी परवा सकाळी भरलेली होती. मला वाटलं, तुम्हीच खाल्ला."

डॉक्टरांनी बाळला सोडवायला बराच वेळ घेतला. मध्येच थांबून त्यांनी दोन परिचारिकांना बोलावलं. मला वाटलं, काहीतरी गंभीर सापडलं. ते म्हणाले, "बघून घ्या. पट्टी अशी बांधायची असते. तुम्ही कधी शिकणार?"

बाळला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण बाहेर बाकावर अख्खा वर्ग बसून होता. डॉक्टर बाहेर जाऊन म्हणाले, "काही झालेलं नाही, ते अगदी ठणठणीत आहेत," तेव्हा ऑपरेटर बाईंना रडू फुटलं आणि ड्रायव्हरने शंकासुरांना मिठी मारली. आपण एका माणसाचा जीव वाचवला, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. शंकासुरांच्यासुद्धा नाही! आता त्यांना खरं सांगायचं म्हणजे लहान मुलाच्या हातातला फुगा फोडण्यासारखं होतं. मी फोडला नाही. मन मोठं केलं. शिवाय मॅडमही तिथे होत्या.

सोमवारी त्यांनी बोलावलं. मी मनाशी हिशोब मांडला होता. वर्गाने जे केलं ते कोणी शिकवलं? मी! मग वर्ग माझ्या हातात नव्हता असं कोण म्हणेल?

"वर्ग उत्कृष्ट होता," मॅडम म्हणाल्या.

"सगळं त्यांचंच श्रेय, मॅडम," मी नम्रपणे म्हणालो.

"हो, माझंही तेच मत आहे. एवढ्या गोंधळात एकाचाही हात थरथरला नाही. एक माणूस सोडून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही गोठलात."

"ते... मेहुणा होता ना, मॅडम. घरचं माणूस पडलं की..."

"मी समजू शकते. तुमच्या मिसेस म्हणाल्या, भाऊजी-मेहुण्यांचं फार सख्य आहे. पण एक सांगा. शेवटी तुम्ही ओरडत होतात, की हे खोटं आहे. ते काय होतं?"

माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. एक तर लबाड ठरायचं, नाही तर भित्रा. लबाड माणूस तळघरात जातो. भित्र्याला निदान खुर्ची देतात.

"धक्का," मी म्हणालो. "असंबद्ध बडबड. तिसरा धडा."

मॅडमनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"असं करू. हा वर्ग यापुढे हेडक्लार्क साहेब घेतील. निवृत्तीनंतरही घ्यायला तयार आहेत ते. तुम्हाला तळघरात पाठवणं मला बरं वाटत नाही. तुम्ही विभागात त्यांचे सहायक म्हणून राहा. पण प्रथमोपचार न येणारा सहायक प्रथमोपचाराच्या वर्गात कसा चालेल? आधी तुम्ही हा अभ्यासक्रम पूर्ण करा. पास झालात तर इथे, नाही तर खाली."

अशा रीतीने पुढच्या तुकडीत मी पहिल्या बाकावर बसलो. शंकासुर पहिल्या दिवशी आले, त्यांनी पुतळा टेबलावर ठेवला, घसा साफ केला आणि वर्गाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. कोणी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "शंका शेवटी!" आणि त्यांच्या वर्गात शेवट कधी झालाच नाही. घंटा व्हायची.

मला वाटलं, मी त्यांचा अवघड विद्यार्थी होईन. दोन-तीन खोचक प्रश्न मी घोळवूनही ठेवले होते. पण त्यांना विचारावं असं काही मला खरोखर माहीत नव्हतं, हे हात वर केल्यावर लक्षात आलं. हात वर गेलाच होता म्हणून त्यांनी मला खडू आणायला पाठवलं. मी गेलो. जबाबदारी दिली की तोंड बंद होतं, यात काही खोटं नाही.

घरी बायको रोज माझा अभ्यास घ्यायची. बाळ समोर बसून दुरुस्त्या सुचवायचा. एकदा सगळ्या पट्ट्या स्वतःवर सोसलेल्या असल्यामुळे त्याला पुस्तिका तोंडपाठ होती. "भाऊजी, झोळीची गाठ खांद्यावर येते, मानेवर नाही. मानेवर टोचते. मी अनुभवलंय."

परीक्षेच्या दिवशी मात्र मी निश्चिंत होतो. नवी प्रश्नपत्रिका काढायला शंकासुरांना वेळ मिळाला नव्हता, त्यामुळे कपाटातली जुनीच आमच्या हातात पडली. आणि ती जुनी म्हणजे कोणी काढलेली? मी! माझ्याच अक्षरात, माझ्याच शब्दांत! मी मनातल्या मनात टाळी वाजवली, पेन उघडलं आणि लिहायला बसलो.

काठावर पास झालो.

विभागात राहिलो, पुतळा उचलतो, खडू आणतो, तक्रार नाही. फक्त त्या प्रश्नपत्रिकेतल्या चौथ्या आणि सातव्या प्रश्नांत विचारणाऱ्याला नेमकं काय हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही!